कोंड्याचा मांडा, किंमत 340 रुपये फक्त

निरोगी न्याहारीची सुरुवात करायची असेल तर आधी घरातला कोंडा घराबाहेर काढा. ही पायरी गाळू नका, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. गिरणीतून दळण आणायचं, आणल्या आणल्या बारीक चाळणीने चाळायचं, चाळणीत उरेल ते कागदात बांधून देवळासमोरच्या गाईला घालायचं आणि वर नमस्कार करायचा. हे पुण्यकर्म मी सव्वीस वर्षं करते आहे. लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात नणंद म्हणाली होती, "वहिनी, पोळी जरा काळपट वाटते, नाही?" त्याला उत्तर म्हणून ती चाळणी अजून आमच्या ओट्यावर आहे.

कोंडा गाईच्या पोटात सुखरूप पोचला की सुपरमार्केटात जा आणि तोच विकत घेऊन या.

आमच्याकडे निमित्त झालं नवऱ्याच्या कोलेस्टेरॉलचं. डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "आहारात फायबर वाढवा." दवाखान्याच्या जिन्यावरून खाली येईपर्यंत त्या वाक्याचा डबा झाला होता, न्याहारीला दुधात घालून खायच्या कोंड्याच्या फ्लेक्सचा. 375 ग्रॅम, 340 रुपये. समोर गव्हाच्या ओंब्या, त्यामागे उगवता सूर्य, आणि वाडगा हातात धरून खिडकीबाहेर बघत हसणारी एक सडपातळ बाई. सकाळी सात वाजता एवढं हसायला वेळ असलेली बाई मी तरी पाहिलेली नाही.

डब्याची फक्त पुढची बाजू वाचा.

दूध उकळतं घाला. आपल्याकडे थंड दूध सकाळी पितो कोण? दोन मिनिटांत त्या कुरकुरीत पापुद्र्यांचा लगदा होतो. सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांनी वाडग्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "काय गं, हे आंबोण कुणासाठी?" त्यांनी चाळीस वर्षं म्हशी सांभाळल्या आहेत. त्यांना शिकवायला जाऊ नका.

पहिल्याच दिवशी मोठा वाडगा भरून खा आणि वर पाणी अजिबात पिऊ नका. मग काय होतं ते डोंबिवलीहून सुटलेल्या फास्ट लोकलमध्ये, दाराशी चेंगरून उभं असताना, ठाणं यायच्या आत कळतं.

गोडी कमी वाटली तर मध घाला. (वाटणार नाही.)

आता हिशेब. मी बँकेत होते, आकडा दिसला की पेन्सिल उचलते. चष्मा लावून, डबा ट्यूबलाइटखाली धरून मागची मुंगीच्या पायाएवढी अक्षरं वाचली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात. आमच्या डब्यावर पहिला गहू, दुसरी साखर, आणि ज्याच्या नावाने हा सगळा खटाटोप तो कोंडा तिसरा, 12 टक्के. 100 ग्रॅमला तंतू, म्हणजे डॉक्टरांचं फायबर, 9 ग्रॅम, साखर 22 ग्रॅम. एका वेळचं प्रमाण 30 ग्रॅम, म्हणजे मूठभर. त्यातून पोटात गेले 2.7 ग्रॅम तंतू. दिवसाला हवेत साधारण 30. तेव्हा नवऱ्याने रोज अकरा वाडगे खाल्ले की काम झालं! जवळजवळ अख्खा डबा, तीनशे रुपये रोज, महिन्याला नऊ हजारांच्या घरात. आणि त्या अकरा वाडग्यांबरोबर सत्तरेक ग्रॅम साखर फुकट, चौदा-पंधरा चमचे. मी चहात दुसरा चमचा घातला तर हाच माणूस भुवया उंचावतो.

गंमत म्हणजे या धंद्याची सुरुवात साखरेच्या विरोधात झाली होती. अमेरिकेत मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला डॉ. जॉन हार्वे केलॉग यांचं आरोग्यधाम होतं. तिथल्या रोग्यांच्या पोटाला सोसावं म्हणून धान्याचे हे पापुद्रे निघाले, अगदी अळणी. धाकटा भाऊ विल म्हणाला, गोड केले तर खपतील. डॉक्टर नको म्हणाले, भावाने 1906 साली स्वतःची कंपनी काढली, पुढे दोघं कोर्टात भांडले. माझा डबा त्यांच्या घरचा नव्हे. पण त्या भांडणात कोण जिंकलं ते माझ्याही डब्याच्या मागे छापलेलं आहे.

आणि सगळ्यात संताप कशाचा, तर रोग एक आणि औषध भलतंच. गव्हाचा कोंडा पोट साफ करायला उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण कोलेस्टेरॉलवर त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे पाण्यात बुळबुळीत होणारे तंतू लागतात. ओट, जव, डाळी, कडधान्यं, इसबगोल. नवऱ्याच्या पोटाची काही तक्रारच नव्हती हो! आता आहे.

पुरे झाला तो उपरोध, मला जमतही नाही फार वेळ. सरळ सांगते. 100 ग्रॅमला 6 ग्रॅम तंतू असले की आपल्याकडे डब्यावर "हाय फायबर" छापता येतं. न चाळलेल्या कणकेत ते 11च्या आसपास असतात. ज्वारीत 10, बाजरी-नाचणीत 11. स्टेशनबाहेर भाकऱ्या थापणारी मावशी तिच्या पिठाच्या डब्यावर हेच शब्द हिरव्या रंगात लिहू शकते, ती लिहीत नाही एवढंच. तुम्ही तिच्याकडची भाकरी "गावाकडची मजा" म्हणून वर्षातून दोनदा हुरड्याच्या सिझनला खाता, फोटो काढता, आणि सोमवारी पुन्हा डबा उघडता. शिकलेली माणसं तुम्ही. मोबाइल घ्यायचा तर चार दिवस तुलना करत बसता आणि पोटात घालायच्या वस्तूची मागची बाजू उलटून बघत नाही? कंपनी लबाड आहेच, पण ती तुम्हाला मागे छापून सांगते आहे की दुसऱ्या नंबरवर साखर आहे. अजून तिने काय करायचं, घरी येऊन वाचून दाखवायचं?

आणि मी कुणाला बोलते आहे? सव्वीस वर्षं चाळणी माझ्याच हातात होती. एका नणंदेच्या एका वाक्यासाठी. ती स्वतः हल्ली मल्टिग्रेन आटा आणते.

कालपासून मी पीठ चाळणं बंद केलंय. पोळी तांबूस होते, जरा जाड होते, भूक मात्र दुपारपर्यंत लागत नाही. सकाळी मुगाची उसळ आणि पोळी, नाहीतर भाकरी आणि रात्रीची उरलेली आमटी. रविवारी नणंद जेवायला येते आहे. तिच्या ताटात तीच पोळी पडेल, आणि नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवते: "आज गिरणीवाल्यानं जरा जाडं दळलंय" अशी सारवासारव करायची नाही.