रोझेनमोंटाग चालतो, भोंगऱ्या चालत नाही

होळी जवळ आली की आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर तेच रडगाणं. एक जण जळगावच्या एमआयडीसीत डाळमिलमध्ये सुपरवायझर आहे. यंदा त्याने लिहिलं, "पावरा पोरं पळाली भोंगऱ्याला. यांना शिस्तच नाही." भोंगऱ्या म्हणजे सातपुड्यातल्या पावरा आदिवासींचा होळीआधीचा बाजार-उत्सव. खाली अंगठ्यांची रांग.

मी जर्मनीत, कोलोनला असतो. इथे रोझेनमोंटागची, म्हणजे कार्निव्हलच्या मिरवणुकीच्या सोमवारची, सरकारी सुट्टी नाही, तरी ऑफिसं ओस. आमचा अकाउंट्सवाला, जो एरवी एका सेंटसाठी तीन मेल पाठवतो, तो विदूषक होऊन 'कामेले' ओरडत चॉकलेटं झेलतो. त्याला कुणी बेशिस्त म्हणत नाही. ती संस्कृती!

आणि भोंगऱ्या काय अचानक उगवतो? होळीच्या आधीचा आठवडा. ज्या गावचा बाजार ज्या वारी, त्या वारी तिथला भोंगऱ्या. गुजरातेत, ऊसतोडीला गेलेली माणसंसुद्धा त्यासाठी सातपुड्यात परततात. होळी कॅलेंडरवर छापलेली असते, सुपरवायझरने फक्त सात दिवस मागे मोजायचे. माझ्या टीममधला तुर्की गडी बायरामचं (ईदचं) आधीच सांगून ठेवतो, शिफ्ट बदलून मिळते. विषय संपला.

एवढं लिहिलं तर उत्तर आलं, "तू तठे बशीसन आमले शिकाडू नको."

बरं. पण मी काय विमानात जन्मलो? चोपड्याकडे आमच्या केळीत घड वाहायला पावरेच असत. पन्नाशीच्या माणसाला आमची मिसरूड न फुटलेली पोरं "ए पावऱ्या" म्हणायची, आणि त्याचा चहाचा कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा. इथे निदान सगळ्यांचे कप एकाच डिशवॉशरमध्ये जातात. (माझं नाव अजून कुणाला धड घेता येत नाही, ते सोडा.)

सुपरवायझरचं एक मात्र खोडता आलं नाही. म्हणाला, "आम्ही शिव्या देतो, पण त्याच पोरांसंगे ढोलावर नाचायलाही जातो. तुझ्या कानबाईला कोण येतं रे?"

कुणी नाही. कानबाई म्हणजे आमचा खानदेशातला श्रावणातला देवीचा सण. रविवारी घरातल्या घरात नैवेद्याचे रोट करतो, सोमवारची रजा टाकतो. टीमलीड बाई मिनिटात मंजूर करते. कशासाठी, हे विचारत नाही. ते विचारणं इथे असभ्य. दर श्रावणात मला वाटतं, एकदा तरी विचारावं तिने.