पंपाचा शाफ्ट आणि बंदुकीची नळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सुभेदारसाहेब, नमस्कार.

ब्रिटिश सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलवरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली त्याला नऊ दिवस झाले. 'नळी बदलली आणि त्याच मार्टिनीने नवं काडतूस पचवलं' असं मी त्या लेखात लिहिलं होतं. पहिल्या रात्रीच एक उत्तर लिहून ठेवलं होतं. लेकीने वाचलं आणि म्हणाली, "बाबा, हे टाकू नका." म्हणून हे दुसरं. ज्यांच्या नजरेतून ती प्रतिक्रिया सुटली असेल त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देतो :

"लेखकाने हयात लेथवर घालवली असेल, पण पंपाचा शाफ्ट वेगळा आणि बंदुकीची नळी वेगळी. नुसती नळी बदलून रायफल दुसऱ्या काडतुसाची होत नसते. ब्लॉक, एक्स्ट्रॅक्टर, फायरिंग पिन सगळं बदलावं लागतं, प्रेशरचा हिशेब आणखी निराळा. शिवाय कायदा आहे. असलं वाचून उद्या कुणी कुपवाडच्या वर्कशॉपात जाईल आणि डोळा घालवून येईल. आणि मार्टिनी-हेन्री १८७१ ची, १८७४ ची नव्हे. – निवृत्त सुभेदार, सातारा."

(नवख्यांसाठी : ब्लॉक म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा, एक्स्ट्रॅक्टर म्हणजे रिकामं काडतूस बाहेर ओढणारा आकडा, फायरिंग पिन म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई. कुपवाड म्हणजे आमच्या सांगलीजवळचं.)

आधी साल. तुमचं बरोबर आहे. ब्रिटिश सैन्याने ती १८७१ साली स्वीकारली. पलटणींच्या हातात ती मोठ्या संख्येने १८७४ च्या सुमाराला पडली, म्हणून ते साल माझ्या डोक्यात बसलं होतं. चूक ती चूक. कबूल.

आता 'घालवली असेल'.

या 'असेल'वर मी दोन दिवस अडकून होतो. घालवली असेल म्हणजे काय? घालवली आहे. १९७८ साली पंपांच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, २०१२ ला टर्नर म्हणूनच बाहेर पडलो. ३४ वर्षं. मधे सुपरवायझर करत होते, मीच नको म्हणालो, कारण सुपरवायझरच्या हाताला ऑइलचा वास येत नाही. (लेकीने हे वाक्य काढायला सांगितलं होतं. ठेवलं आहे.)

आणि पंपाचा शाफ्ट म्हणजे तुम्हाला काय उसाचं कांडं वाटलं का? दोन पोलची मोटर असेल तर तो मिनिटाला २९०० च्या आसपास फेरे घेतो. बेअरिंग बसते त्या जागी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात दोन-तीन इकडेतिकडे झालं, तर पंप आधी गुणगुणतो, मग ओरडतो, आणि ऐन एप्रिलमध्ये तासगावच्या एखाद्या द्राक्षबागेत बंद पडतो. त्या शेतकऱ्याच्या शिव्या मी समोर उभं राहून ऐकल्या आहेत. 'माप चुकलं की काय होतं' हे मला साताऱ्याहून कुणी कळवायची गरज नाही.

राहिली नळी. मार्टिनी-हेन्रीची नळी ३३ इंचांच्या वर. एवढं लांब भोक सरळ पाडणं किती अवघड, हे ज्याने कधी साधं फूटभर लांब भोक पाडलंय त्याला विचारा. मी पाडलंय. ड्रिल आत गेलं की स्वतःच्या मनाने वाट काढतं आणि दुसऱ्या टोकाला अर्धा मिलिमीटर बाजूला निघतं. म्हणून नळीच्या कामात ड्रिल स्थिर ठेवतात आणि जॉब फिरवतात, त्याने भोक भरकटायचं कमी होतं. त्यानंतर रीमिंग, आणि त्यानंतर आतले पीळ. हेन्रीच्या पद्धतीच्या सात खोबणी, २२ इंचांत एक पूर्ण वेढा. हे सगळं मला माहीत आहे ते लेथवर हयात 'घालवली' म्हणून, कुठे वाचलं म्हणून नव्हे. फरक मलाही कळतो, साहेब. तुमच्या आधीपासून कळतो म्हटलं तर उद्धटपणा होईल, म्हणून म्हणत नाही.

आता थोडं जुनं सांगतो. नोकरीला लागलो त्या वर्ष-दोन वर्षांत मी संध्याकाळी मिरजेत एका चाचांच्या दुकानात जाऊन बसायचो. चाचा शिकलगार. मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवणारी घराणी मूळची शिकलगारच, हे सांगली-मिरजेबाहेर फार जणांना ठाऊक नसतं. तलवारी-भाल्यांना धार लावणारे हात एकोणिसाव्या शतकात भोपळ्याकडे वळले आणि गेल्या काही वर्षांत, २०२४ ला, मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. आमच्या चाचांचं घर मात्र शस्त्रांकडेच राहिलं. बंदूक दुरुस्तीचा परवाना भिंतीवर काचेत लावलेला, खाली उदबत्ती.

त्यांच्याकडे एक मार्टिनी आली होती, कुठल्यातरी जुन्या वाड्यातली, जमा करण्याआधी साफसफाईला. चाचांनी टेबलावर दोन रिकामी काडतुसं शेजारी शेजारी उभी केली. एक मूळचं .५७७/४५०, बाटलीच्या आकाराचं, खाली अंगठ्याएवढं जाड. दुसरं .३०३ (म्हणजे नळीचं भोक इंचाच्या ३०३ हजारांश), त्याच्यापुढे काडीपहिलवान. पहिल्याच्या बुडाची कडा १९ मिलिमीटर व्यासाची, दुसऱ्याची चौदाच्याही आत. "बघ," ते म्हणाले, "बंदूक तीच. पोट बदललं की जेवण बदलतं." माझ्या लेखातला 'नळी बदलली आणि त्याच मार्टिनीने नवं काडतूस पचवलं' हा शब्दप्रयोग तिथला आहे. तुम्हाला तो हलका वाटला असेल. मी तो ज्याच्या तोंडून ऐकला त्या माणसाने आयुष्यभर दुसरं काही केलं नाही.

मी त्यांना तेव्हा विचारलंही होतं, तुम्ही नळी बदलून देता का? तर म्हणाले, "घोड्याची स्प्रिंग आण, कुंदा आण, चाप आण. नळीला मी हात लावत नाही. ते कारखान्याचं काम." हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल लपवलं.

तर मुद्दा असा की माझा लेख सरकारी कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकात काय केलं यावर होता. १८८८ ला .३०३ आलं, तेव्हा गोदामं मार्टिनींनी भरलेली होती. त्या मोडीत न काढता त्यांना नव्या नळ्या बसवल्या, त्या मार्टिनी-मेटफर्ड. मग कॉर्डाइट आलं, बंदुकीची नवी, धूर न करणारी दारू. मेटफर्डच्या खोबणी उथळ आणि गोलसर, जुन्या धुराच्या काळ्या दारूला चांगल्या, पण कॉर्डाइटच्या उष्णतेने त्या भराभर खाल्ल्या जाऊ लागल्या. म्हणून १८९५ ला खोल, पाच खोबणींची एनफिल्ड नळी. झाली मार्टिनी-एनफिल्ड. काडतूस तेच राहिलं आणि नळी पुन्हा बदलली! नळी ही झिजणारी वस्तू आहे, खाली पडणारा ब्लॉक आणि त्याची पेटी टिकणारी, एवढंच मला म्हणायचं होतं. पंपातही इंपेलर झिजतो, बॉडी राहते. हे उदाहरण मुद्दाम दिलं आहे.

बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी बंदूक कारखान्यातल्या मस्केटचंही तेच. .३०३ ची ली-एनफिल्ड घेऊन तिची नळी आतून गुळगुळीत, .४१० ची केली, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा ठोकला, एका वेळी एकच गोळी. देशात कितीतरी ठिकाणी पोलिसांनी आणि पहारेकऱ्यांनी ती वापरली. माझे आजोबा एका बँकेच्या दारात तीच घेऊन बसायचे. त्या मस्केटच्या कुंद्यावर माझं डोकं टेकून मी झोपलेलो आहे. तेव्हा 'असलं वाचून' हा शब्द जरा जपून वापरा.

प्रेशरचं तुम्ही म्हणता ते तत्त्वतः ठीक आहे. ८५ ग्रेन काळी दारू ढकलते आणि कॉर्डाइट ढकलतं यात फरक आहेच, पण माझ्या लेखाचा तो विषय नव्हता. कायदाही माहीत आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५, बनवणं, दुरुस्ती, बदल काहीही परवान्याशिवाय नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ६ आणखी कडक. पुढे.

कुपवाडचं मात्र राहवत नाही. कुपवाडच्या वर्कशॉपांत कुणी बंदूक घेऊन गेलाच, तर तिथला पोरगा आधी आमच्यासारख्या म्हाताऱ्याला फोन करेल आणि मग पोलिसांना. आमच्या पोरांना एवढी अक्कल आहे. तुमच्या जिल्ह्याचा मला आदर आहे, तिथल्या अपशिंगे गावच्या ४६ जणांनी पहिल्या महायुद्धात जीव दिला, त्या फलकासमोर मी चप्पल काढून उभा राहिलो आहे. पण सैन्यात रायफल चालवली म्हणजे ती घडवणाऱ्याला शिकवायचा हक्क मिळतो असं नाही. तुम्ही ती कोतमधून (पलटणीच्या शस्त्रांच्या कोठारातून) घेतली आणि परत दिली. मधलं सगळं आमच्यासारख्यांनी केलं.

हे थोडं जास्त झालं. राहू द्या.

शेवटचं, एक्स्ट्रॅक्टर. बुडाची कडा १९ वरून १४ च्या आत आल्यावर जुना एक्स्ट्रॅक्टर ते काडतूस धरणारच नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल आणि मी ते लेखात लिहिलेलं होतं. नीट न वाचता प्रतिक्रिया देण्याची ही पद्धत मला आवडत नाही, असं लिहून मी ते वाक्य इथे उतरवून घ्यायला मूळ लेख उघडला.

ते वाक्य तिथे नाही. वहीतल्या कच्च्या मसुद्यात आहे, टाइप करताना गळलं. आता घातलं आहे, ब्लॉक आणि फायरिंग पिनसकट. १८७४ चं १८७१ केलं आहे.