संदर्भ विभागाच्या टेबलावरचा कागद

आज सकाळी ग्रंथालयात गेले, तर संदर्भ विभागाच्या टेबलावर एक कागद चिकटवलेला होता: 'हा विभाग बंद करण्यात आला आहे. माहितीसाठी संगणकांचा वापर करावा.' तो वाचून माझे पाय तिथेच थबकले, कारण गेल्या वर्षी याच टेबलापाशी माझी सोळा वर्षांची भाची हातात एक यादी घेऊन उभी होती.

यादी चॅटबॉटने दिलेली. अपस्मारावरची पाच पुस्तके, लेखक आणि प्रकाशनवर्षांसकट. ग्रंथपाल बाईंनी एकेक नाव तपासले आणि तीन नावांपुढे पेन्सिलीने फुली मारली, कारण ती पुस्तके कोणी कधी लिहिलेलीच नव्हती. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी हळू आवाजात विचारले, "तुला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, बाळा?" तेव्हा कुठे खरे बाहेर आले: तिच्या मैत्रिणीला वर्गात झटका आला होता आणि आपण घाबरून नुसते पाहत राहिलो, हे तिला खात होते. पुस्तके तिला नकोच होती. बाईंनी खात्रीची माहिती शोधून यादीच्या मागे लिहून दिली: तोंडात काही घालू नये, कुशीवर वळवावे, झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला तर तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी.

आता सांगा, 'नेमके काय हवे आहे' हे कोणता संगणक विचारणार आहे? 'वाचकाचा वेळ वाचवा' हे सूत्र ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडले, आणि ज्या काळात मुलांचा वेळ खोट्या याद्यांमागे सर्वांत जास्त वाया जातो आहे, नेमक्या त्याच काळात आपण तो वाचवणारे माणूस उठवतो आहोत! संताप येतो. युनेस्कोच्या १९४९ च्या जाहीरनाम्यापासून सार्वजनिक ग्रंथालय सर्वांसाठी खुले असावे असे आपण म्हणत आलो, पण दार उघडे ठेवून आत कोणी बोलणारेच नसेल, तर सोळा वर्षांच्या मुलीने तिथे का यावे?

त्या टेबलापाशी रोज फारशी मुले येत नसतील, हे मान्य. पण त्या एका दुपारी एक आली होती.

निघताना बाई दिसल्या. त्यांना आता देवघेव विभागात बसवले आहे. पुस्तकावर तारखेचा शिक्का मारता मारता त्यांनी मान वर केली आणि विचारले, "भाचीची मैत्रीण बरी आहे ना आता?"