ओकुहारावर थोडा अन्याय झालाय
बॅडमिंटनवरचा तुमचा लेख चांगला आहे, पण जपानच्या नोझोमी ओकुहाराला 'सिंधूला हरवणारी' एवढ्यावरच उरकलंत, हे काही पटलं नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियांतून सावरून तिने २०१६ ची ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकली. जपानला महिला एकेरीत हे विजेतेपद १९७७ नंतर थेट तेव्हाच मिळालं. सिंधूविरुद्धची ग्लासगोची २०१७ ची जागतिक स्पर्धेची फायनल तर ११० मिनिटं चालली. दुसऱ्या गेमच्या शेवटी ७३ फटक्यांची रॅली गमावून, दमछाक झालेली असताना, सिंधूपेक्षा वीतभर बुटक्या या पोरीने तिसरा गेम २२-२० असा खेचून आणला. (दोन वर्षांनी बासेलला जागतिक स्पर्धेच्याच फायनलमध्ये सिंधूने २१-७, २१-७ असं उट्टं काढलं, ते मात्र आपल्याला बरोबर आठवतं!) ओकुहाराच्या रिओ ऑलिंपिकमधल्या कांस्यपदकाचा तर लेखात उल्लेखही नाही.