ताशी ८१ किलोमीटर? हिशेब चुकला भाऊ

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधलं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे विमान २.७ किलोमीटर दोन मिनिटांत कापतं, म्हणजे ताशी ८१ किलोमीटर, 'आपल्या एसटीएवढंच', असं एका लेखात म्हटलंय. भागाकार बरोबर, निष्कर्ष चूक. दोन मिनिटं ही वेळापत्रकातली वेळ आहे, तिच्यात जमिनीवरचं पळणंही धरलेलं असतं. वारा पाठीशी असताना हेच अंतर ५३ सेकंदांत पार झाल्याची नोंद आहे. आता करा भागाकार, १८० च्या वर जातं. छोटं आठ-दहा सीटांचं आयलँडर विमान आहे ते, त्याला यापेक्षा काय पाहिजे?

मुंबईहून नागपूरला येताना माझ्या तिकिटावर दीड तास लिहिलेला होता. त्यातली वीस-बावीस मिनिटं विमान धावपट्टीच्या रांगेतच उभं. शेजारचे काका घड्याळ बघून म्हणाले, "बाप्पा, एवढ्यात बुट्टीबोरी जाऊन आलो असतो!" आणि एक गंमत त्या लेखात राहूनच गेली. आपल्या सोनेगावची, म्हणजे नागपूर विमानतळाची, धावपट्टीच ३.२ किलोमीटरची आहे, वेस्ट्रेच्या त्या अख्ख्या हवाई प्रवासापेक्षा लांब.