आण्णांचा कर, आजीची खडी

गेल्या रविवारी शाळेच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "टॅक्स आम्ही भरायचा आणि सरकारने दीड-दीड हजार लाडक्या बहिणींना वाटायचे. जो टॅक्स भरतो त्यालाच मत असायला हवं." खाली अंगठ्यांची रांग लागली. मग दुसऱ्याने मला ओढलं, "तू सांग रे, तुमच्या जर्मनीत चालतात का असले फुकटे?"

एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, उभ्या उभ्या मी उत्तर लिहायला घेतलं. फायहिंगेन स्टेशन आलं तरी संपेना. शेवटी लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. त्याला आता चार दिवस झाले, तरी डोक्यातून ते वाक्य जात नाही. जो टॅक्स भरतो.

आम्ही सगळे लालबाग-परळचे. ज्याने हे लिहिलं त्याचे वडील आणि माझे आण्णा एकाच गिरणीच्या साचाखात्यात होते. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे दोन्ही घरं गावाहून आलेल्या ज्वारीवर जगली. आज तो परळलाच चोविसाव्या मजल्यावर राहतो. त्याने ते कष्टाने मिळवलं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. म्हणूनच त्याच्या तोंडून हे ऐकवत नाही.

पगाराच्या स्लिपवर 'प्रोफेशन टॅक्स' असं लिहून महिन्याला दोनशे रुपये कापतात, फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. मुंबईत नोकरी केलेल्या प्रत्येकाने ही ओळ पाहिली आहे, पण ती कुठून आली हे ग्रुपवर कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. हा व्यवसाय कर १९७५ मध्ये बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरात नोकरी असणाऱ्याने थोडं द्यायचं, जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने घालायची आणि त्यातून दुष्काळी गावात मागेल त्याला काम द्यायचं. या विचारामागे वि. स. पागे होते. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. कल्पनेचा पहिला प्रयोग त्यांनी तासगाव तालुक्यात विसापूरला करून पाहिला, मग १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता. बाईला आणि पुरुषाला दर एकच. देशाला असा कायदा करायला २००५ उजाडलं.

एका आमदाराचं अर्थशास्त्र इतकं सरळ होतं. कर कुणाकडून घेणार, कशासाठी घेणार, कुणाला देणार, हे तिन्ही उघड. मुंबईचा कारकून कर भरत होता आणि माणदेशात पाझर तलाव खोदला जात होता.

माझी आजी त्या कामावर होती. माण तालुक्यातलं आमचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडली, नंतर हमीच्या कामावर बंडिंगची माती वाहिली. उजव्या हाताचं पहिलं बोट तिला सरळ करता यायचं नाही, हातोडीने ठेचलेलं. सुट्टीत गेलो की त्याच वाकड्या बोटाने ती माझ्या ताटात भाकरी मोडायची. दुष्काळी कामावर खायला मिळायची त्या सुकडीची चव कशी होती विचारलं तर म्हणायची, "पोटात गेली की चव कळत नाही, बाळा." आणि त्याच वर्षांत आण्णांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जात होता. त्यांच्या ट्रंकेत ती चिठ्ठी मी पाहिली आहे, शाई तांबूस झालेली. दहा रुपयेही नव्हते. म्हणजे मुलगा लालबागेत कर भरत होता आणि त्याची आई गावात तोच कर 'खात' होती. आता यातलं मत कुणाला द्यायचं?

कर भरेल त्याला मत, हे इंग्रजांच्या काळात होतंच. मालमत्ता आणि कर बघून मतदार ठरायचा. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी सरसकट प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हा ते परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. आमच्या शाळेपासून दहा मिनिटांचा रस्ता. त्या रस्त्यावर वाढलेल्या माणसाने शंभर वर्षांनी पुन्हा जुन्याच दारात जाऊन उभं राहायचं?

आणि फुकटचं म्हणाल तर ग्रुपवरच्या कुणाला मिळालं नाही? २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला मालमत्ता कर माफ आहे, आमच्यातले निम्मे तरी त्यात बसतात. १४ ऑक्टोबर २०२४ ला मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाचही वेशींवर हलक्या गाड्यांचा टोल माफ केला आणि दुसऱ्याच दिवशी निवडणूक जाहीर झाली. गाडीमागे ४५ रुपये वाचले. ऐरोलीहून रोज येणाऱ्याने महिन्याचा हिशेब करून पाहावा. त्या दिवशी ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले होते. आता तर १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर नव्या पद्धतीत आयकरच नाही. उलट दिवा स्टेशनजवळ राहणारी बाई मोबाईलचा रिचार्ज मारते तेव्हा १८ टक्के जीएसटी देते, आणि तिला कुणी करदाती म्हणत नाही.

जर्मनीत चालतात का, तर चालतात. मला दोन मुलं आहेत. २०२५ मध्ये मुलामागे २५५ युरो, म्हणजे महिन्याला ५१० युरो किंडरगेल्ड, मुलांसाठीचा सरकारी भत्ता, माझ्या खात्यात आलं. माझा पगार चांगला आहे, तरी आलं. माझ्या वरच्या साहेबालाही येतं. पूर्व जर्मनीच्या उभारणीसाठीचा सोली नावाचा कर इथल्या लोकांनी १९९५ पासून सलग पंचवीसेक वर्षं भरला, बहुतेकांचा तो २०२१ मध्ये सुटला. लोक त्यावर कुरकुरले, पण पूर्वेकडच्या ड्रेस्डेनच्या माणसाचं मत काढून घ्या असं माझ्यासमोर कुणी म्हणालं नाही. आपल्याकडे हे भान का नाही, असं मला इथे आल्यापासून वाटत आलं आहे.

इथवर लिहून मी थांबलो होतो, कारण हे अर्धंच खरं आहे.

दोन वर्षांपूर्वी कॅन्टीनमध्ये माझ्याशेजारी बसणारा सहकारी म्हणाला होता, "बाहेरून येतात, पोरं काढतात आणि आमच्या किंडरगेल्डवर जगतात." मग माझ्याकडे बघून घाईने म्हणाला, "तुझ्याबद्दल नाही बोलत. तू काम करतोस." मी मान हलवली. नुसती मान हलवली असती तर एक वेळ ठीक होतं. मला बरं वाटलं. त्याने मला त्या 'बाहेरून येणाऱ्यां'मधून वेगळं काढलं याचं बरं वाटलं. ताटातले श्पेट्झले संपवले आणि आम्ही दोघं वर गेलो.

परवा ग्रुपवरच्या त्या मित्राला मी फोन केला. आजीचं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "तुझ्या आजीचं वेगळं रे. ती राबत होती." तेच वाक्य. जर्मनमध्ये ऐकलं तेव्हा मला चाललं होतं, मराठीत ऐकलं तेव्हा अंगावर आलं.

कर आणि मताचा हिशेब लावायचा तर मी कुठेच बसत नाही. पासपोर्ट भारताचाच ठेवलाय, त्यामुळे जिथे बारा वर्षं भरघोस कर भरतो तिथे संसद निवडायला मला मत नाही. शिवडीच्या यादीत नाव आहे, पण तिथे आता मी एक पैशाचा कर भरत नाही आणि मतदानाला जाताही येत नाही. मित्राचा नियम लावला तर आमच्या शाळेतला पहिला बाद मीच. तरी मुंबईबद्दल बोलायचा माझा हक्क मी सोडणार नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. आण्णांनी भरला होता म्हणून, असं म्हणतो.

लाडक्या बहिणीवर माझाही आक्षेप आहे, पण तो पैशावर नाही, नावावर आहे. पागेंच्या योजनेच्या नावात 'हमी' होती. हमी म्हणजे बाईने तहसीलदारापुढे उभं राहून मागायची गोष्ट. इथे सरकार भाऊ झालं आणि बाई बहीण. २०२४ मध्ये रक्षाबंधनाच्या तोंडावर तीन हजार खात्यात आले, ओवाळणी म्हणून. ओवाळणी मागायची नसते आणि कमी पडली तर भांडायचं नसतं. निवडणुकीत २,१०० कबूल केले होते, त्याचा जाब बहीण विचारणार कशी? हक्क म्हणून द्या, कायद्याने द्या आणि त्यासाठी आमच्यावर कर वाढवायचा तर तसं तोंडावर सांगा. व्यवसाय कराची अडीच हजारांची मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीतली आहे, तेव्हापासून ती हललेली नाही. ती वाढवा म्हणणारा आमदार मला हवा आहे. असा आमदार निवडून येईल का, ते वेगळं.

माझी वहिनी दिव्याला राहते. भाऊ लोअर परळला एका मॉलमध्ये सिक्युरिटीत आहे, ती चार घरी चपात्या लाटते. केशरी रेशनकार्डावर तिचा अर्ज बसला. मी गेली नऊ वर्षं दर महिन्याला घरी पैसे पाठवतो, आणि खरं सांगायचं तर ते कुठे गेले हे विचारतोही. गेल्या दिवाळीला घरी गेलो तर तिच्या डोळ्यांवर चष्मा. विचारलं, कधी केला? म्हणाली, "त्या पहिल्या तीन हजारांचा, भावजी. तवा नीट दिसायचा नाही, चपाती करपायची, लोकं बोलायची."

मग जरा थांबून म्हणाली, "तुमच्या पैशातून नाही घेतला. त्याचा हिशेब असतो ना."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती परातीत पीठ चाळत होती, चष्मा नाकावर घसरला की मनगटाने वर सारत होती. नऊ वर्षांत मी तिला लाईटबिल विचारलं, पोरांची फी विचारली, गॅसचा आकडा विचारला. तिला दिसत नाही हे मला माहीत नव्हतं. नंबर किती आहे, तेही मी अजून विचारलेलं नाही.