४५ अंशाला इंजिन ऑइल ‘पाणी’ होत नाही

मे महिना लागला की खान्देशातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. लोक त्यावर विसंबून खरंच ऑइल बदलून येतात, म्हणून सविस्तर लिहितोय. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: जळगाव-भुसावळच्या ४५ डिग्रीत टर्बो (एक्झॉस्टच्या गॅसवर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असलेल्या गाडीचं ऑइल पाणी होतं, प्रेशर पडतं आणि टर्बो जातो. म्हणून कंपनीचं पातळ ऑइल काढून २०डब्ल्यू-५० हे घट्ट ग्रेडचं ऑइल टाका. प्रेशर जेवढं जास्त तेवढी गाडी सेफ. सकाळी प्रेशर फुल असतं, तेव्हा बिनधास्त पळवा. लाल दिवा लागत नाही तोवर टेन्शन नाही. बंद करण्याआधी पाच मिनिटं आयडल (गाडी उभी, इंजिन चालू) ठेवाच.

आधी ४५ अंशांचं बघू. हवेचं तापमान आणि ऑइलचं तापमान यांची इथे सरळ गल्लत झाली आहे. ४५ अंशाचं ऑइल इंजिनाच्या दृष्टीने अजून गारच असतं. ५डब्ल्यू-३० या पातळ ग्रेडची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, ४० अंशाला साधारण ६० ते ७० सेंटीस्टोक (घट्टपणाचं एकक) असते, १०० अंशाला ती १० ते १२ वर येते. म्हणजे इंजिन तापेपर्यंत ऑइल सहापट पातळ होतं, आणि हे धुळ्याच्या डिसेंबरातही रोज होतं. इंजिन बनवलेलंच त्या ९० ते ११० अंशाच्या ऑइलसाठी असतं. सकाळी ऑइल प्रेशरच्या गेजवर चार बार (प्रेशरचं एकक) आणि गरम झाल्यावर आयडलला एक-सव्वा बार दिसलं, तर त्यात बिघाड काही नाही.

उन्हाचा परिणाम होतो, पण वेगळ्या वाटेने. बाहेरची हवाच तापलेली असली की रेडिएटर आणि ऑइल कूलरला उष्णता टाकायला वाव कमी राहतो. पाच माणसं, फुल एसी आणि चाळीसगावहून कन्नड घाटाची चढण, अशा वेळी टर्बो गाडीचं ऑइल १२० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. तेच ५डब्ल्यू-३० तिथे सातेक सेंटीस्टोकवर येतं आणि आयडलचं प्रेशर आणखी थोडं उतरतं. मेसेजमधलं खरं तेवढंच.

‘प्रेशर जास्त तेवढी गाडी सेफ’ हे वाक्य मात्र सगळ्यात घातक आहे. ऑइल पंप प्रेशर तयार करत नाही, तो ऑइल ढकलतो. पुढच्या अरुंद वाटांमधून ते जाताना जो अडथळा होतो, तो गेजवर प्रेशर म्हणून दिसतो. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे सांगायला नको. ठिबकचे ड्रिपर चोंदले की पंपाजवळचा काटा वर चढतो आणि झाडाला पाणी कमी मिळतं. घट्ट ऑइलचं तसंच होतं. प्रेशर ठरावीक आकड्यावर गेलं की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचं ऑइल बेअरिंगला न जाता परत जातं. काटा वर, पुरवठा कमी.

टर्बोला हाच पुरवठा लागतो. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि बहुतेक गाड्यांत तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. वंगण देणं आणि उष्णता ओढून नेणं ही दोन्ही कामं ऑइलच करतं. २०डब्ल्यू-५० हे आपल्या ४५ अंशांतही ५डब्ल्यू-३० च्या दुपटीहून घट्ट असतं. स्टार्ट केल्यावर ते टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, आणि एवढ्या वेगात घट्ट ऑइल घुसळलं की उष्णता वाढते. शिवाय डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. बाजारातलं साधं २०डब्ल्यू-५० तसं नसतं, त्याची राख फिल्टरमध्ये साचत जाते. उन्हाळ्यासाठी घट्ट ग्रेड हवाच असेल तर मॅन्युअल उघडा. त्यात ५डब्ल्यू-४० ला परवानगी असेल तर खुशाल टाका.

सकाळी बिनधास्त पळवण्याचा सल्ला याच गैरसमजातून आलाय. तेव्हा काटा वर असतो तो ऑइल घट्ट असल्यामुळे. पहिली काही मिनिटं हलक्या पायाने चालवा, रेस देऊ नका.

पाच मिनिटं आयडलच्या सल्ल्यामागचं कारण खरं आहे, आकडा नाही. घाट चढून वर चहाला थांबलात आणि लगेच चावी फिरवली, तर ऑइल थांबतं पण टर्बोच्या लालबुंद टर्बाइनची (एक्झॉस्टकडच्या चाकाची) उष्णता शाफ्टकडे येत राहते आणि तिथलं ऑइल जागेवर जळतं. खोललेल्या टर्बोत ते नीट दिसतं: ऑइल लाइनच्या बोल्टमधली छोटी जाळी काळ्या खरपुडीने बुजलेली, आणि शाफ्टवर निळसर झाक. अशा चढणीनंतर एक-दोन मिनिटं आयडल पुरतो. गावात शिरताना शेवटचे दोन किलोमीटर सावकाश आला असाल तर तोही नको.

लाल दिव्याबद्दल. त्याचा स्विच बऱ्याच गाड्यांत अर्ध्या बारच्याही खाली लागतो. तीन हजार आरपीएमला तीन बार हवं असताना एकच बार मिळत असलं, तरी दिवा गप्प राहील. म्हणून चालत्या गाडीत तो लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा, पुढच्या गॅरेजपर्यंत रेटू नका.

आणि ऑइल खरोखर पातळ होण्याचं जे कारण आहे, ते या मेसेजमध्ये नाहीच. बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफ साफ होण्यासाठी जास्तीचं डिझेल सोडलं जातं. रोज चार-पाच किलोमीटरच गाडी चालली की ही सफाई अर्धवट राहते आणि काही डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची लेव्हल बघायची पट्टी काढा. लेव्हल कमी होण्याऐवजी वर चढलेली असेल आणि बोटावर डिझेलचा वास आला, तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायची वेळ झालीय, ग्रेड तोच ठेवून. तरीही शंका राहिली तर मेकॅनिकला प्रेशर स्विच काढून तिथे गेज लावायला सांगा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर एकदा आयडलला आणि एकदा तीन हजारांवर मोजा, आणि आकडे त्याच इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडा, शेजारच्याच्या गाडीशी नाही. काही नव्या इंजिनांत पंप कमी आरपीएमला मुद्दामच कमी प्रेशर देतो.